हिरव्या बैलाचं काय झालं

बिझर्तच्या माझ्या थोरल्या वन्संना, महबूबाबाईंना, सेजनानहून भावजय खमीसाचा सलाम. अल्लाच्या कृपेने तुमचे गुडघे बरे असतील. माझे आहेत तिथेच आहेत. सून अजून मसूर करपवते का, तेही कळवावं. फोनच करणार होते, पण फोनवर तुम्ही मध्येच बोलता. पत्रात तशी सोय नाही. सांगते मी आणि लिहिते आपली नात रीहाब, जी तीन दिवस माझ्याशी एक अक्षर बोललेली नाही. (हो, हेही लिही. बोलू नकोस, पण लिही.)

तर शाळेत राजधानीहून नव्या इल्हेमबाई आल्या आहेत. चित्रकलेच्या तासाला मुलांना मातीकाम शिकवायचं, असं त्यांनी ठरवलं. शाळेमागचा अख्खा डोंगर मातीचा, गावातल्या निम्म्या बाया हाताने भांडी घडवणाऱ्या, तेव्हा मला वाटलं, बोलावणं येणार. मी शालसुद्धा धुऊन ठेवली. बोलावणं आलं नाही. आली ती शहरातून डब्यांत भरलेली रंगीत माती, साबणाच्या वासाची. डोंगरातल्या मातीने म्हणे कपडे मळतात. वन्सं, तुमच्या आईने पाचव्या वर्षापासून माती मळली आणि ती बाई लग्नांत सगळ्यांत पांढरीशुभ्र दिसायची, हे तुम्हीच सांगा यांना.

रीहाबने त्या मातीचा बैल केला. हिरवा. बैल कधी हिरवा असतो? आपल्याकडे रंग तीन, पांढरी माती, तांबडी माती आणि पाल्याच्या रसाचा काळा. तेवढ्यात माझी हयात गेली, काही अडलं नाही. पण बाईंना बैल फार आवडला. वर्गाची तीस जनावरं पुढच्या गुरुवारी तुमच्या बिझर्तच्या प्रदर्शनात मांडायची आणि रीहाबचा बैल सगळ्यांत पुढे, असं ठरलं. तेवढ्यात शाळेच्या भिंतींना चुना लावायला माणसं आली. बाई फळीवर जनावरं घेऊन माझ्या दारात. "आजी, तुम्ही यातल्याच. दोन दिवस जपून ठेवाल?"

यातलीच म्हटल्यावर मी जपणार ते माझ्या रीतीनेच ना? दोन दिवस वाट पाहिली. अंगठ्याने दाबून बघते तर माती ओलीच. म्हटलं, पोरगी नवखी आहे, माती नीट सुकावी म्हणून घालायची खापराची पूड घातली नसेल, आणि न भाजता पाठवायला निघाली आहे. वन्सं, या घरातून कच्ची वस्तू आजवर बाहेर गेली आहे का? तुमच्या आईने मला उंबऱ्याबाहेर काढलं असतं. माझी भट्टी त्याच दिवशी लागायची होती. मी माझ्या ताटल्यांबरोबर ती तीसही जनावरं भट्टीआधी शेकायला चुलीभोवती मांडली.

आधी उंट बसला. मला कौतुकच वाटलं, म्हटलं, काय हुबेहूब केलाय. मग कोंबडी कलंडली. मग गाढवाने मान टाकली. तेवढ्यात शेजारची जन्नत दारातून डोकावली आणि "अगबाई, किती छान" म्हणाली. भाजताना असं बोलतात का? मी तिला नजर लावल्याबद्दल चार गोष्टी सुनावल्या, आणि दृष्ट पक्की बसायच्या आत म्हणून घाईघाईने सगळं गोवऱ्यांत घातलं. जो भडका उडाला, वन्सं, तो लग्नातही उडत नाही. खाली उरलं सात रंगांचं थारोळं, आणि माझ्या सहा ताटल्या काळ्याकुट्ट.

बाई आल्या, थारोळ्याकडे बघून मटकन खाली बसल्या. "आजी, ही भाजायची माती नव्हेच. यात मेण असतं. ही कधीच सुकत नाही, मुलांनी पुन्हा पुन्हा मोडून करावं म्हणून." आता मला सांगा, जी सुकत नाही, भाजत नाही, पाणी धरत नाही, तिला माती म्हणणाऱ्यांचा दोष की माझा?

रीहाब रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. मी रात्रीचं जेवण सोडून तिला खऱ्या मातीचा बैल करून दिला, वशिंडासकट. तिने बघितला, कागदावर काहीतरी खरडलं आणि माझ्या हातात दिलं. मला, जिला आलिफचं अक्षर आणि एकचा आकडा यातला फरक कळत नाही. तो कागद घेऊन मला त्या जन्नतच्याच दारात जावं लागलं. तिने आधी माझ्याकडून माफी वदवून घेतली, कॉफी प्यायला लावली, मग वाचलं. लिहिलं होतं, "हा माझा नाही."

मी तो कागद घडी घालून शालीत ठेवला. (हे लिहिलं नाहीस तरी चालेल. लिहिलंस का? बरं.)

मुलाबाळांना आशीर्वाद. सुनेला मसुरात पाणी वाढवायला सांगा.
तुमची भावजय, खमीसा

ता. क. प्रदर्शन गुरुवारी आहे आणि बाई म्हणतात, माती मिळाली तर मुलं दोन तासांत नवी जनावरं करतील. इथे ती मिळत नाही. तुमच्या गल्लीच्या तोंडाशी वह्यांचं दुकान आहे. तीस डबे घेऊन मंगळवारच्या वडापच्या गाडीने पाठवा. मी चुलीच्या दहा हात लांब ठेवीन, शपथ.

ता. क. पुन्हा. एकतीस पाठवा. रीहाब विचारते आहे, एकतिसावा कुणाला. (तीन दिवसांत तोंड उघडलं, ते याच्यासाठी.) माझ्या डब्यात हिरवा असेल एवढं मात्र बघा.