तलासरीच्या बसबाबत नारूदादास

आगर, डहाणू
शनिवार, दुपार

तीर्थस्वरूप नारूदादा यांस,
धाकट्या वेणूचा वाकून नमस्कार. तुमची कंबर, वहिनींचा गुडघा आणि टायरच्या दुकानातला हवा भरायचा पंप ही तिन्ही दुखणी आता उतरली असतील असं धरून चालते. (वर ‘तुमची’ लिहिलं, कारण पत्रात तसं लिहितात. इथून पुढे ‘तू’ म्हणते, नाहीतर मला नीट भांडता यायचं नाही.) इकडे हे बोटीवर आहेत, म्हणजे मजेत आहेत. बोंबील यंदा चांगले वाळताहेत. शेजारच्या हिरूची म्हैस व्याली. तेव्हा सगळे खुशाल आहेत, मी सोडून.

फोन का नाही केला म्हणशील. आमच्या घरातला एक फोन यांच्याबरोबर समुद्रात असतो आणि दुसरा, म्हणजे माझा, आता आमच्या लेकाच्या, धर्मेशच्या खिशात असतो. का, तर रुपल मॅडम म्हणाल्या. दादा, हे तीन शब्द मी दिवसातून चाळीस वेळा ऐकते. दात घासताना रुपल मॅडम म्हणाल्या, जेवताना रुपल मॅडम म्हणाल्या. त्या फोनमध्ये एक नंबरचं बटण दाबलं की रुपल मॅडम, दोन दाबलं की तलासरीचा कारखाना, आणि तीन दाबलं की तू. मी त्यात नाहीच. (फोन माझाच असल्यामुळे मला माझ्यावर फोन लागणार नाही, असं मला समजावण्यात आलं. पण मनाला लागायचं ते लागलंच.) म्हणून हे पत्र. ते धर्मेशच तुला दुकानात आणून देईल, तलासरीचा त्याचा थांबा तुझ्या दुकानासमोरच आहे.

रुपल कोण ते तुला माहीत नसेल. धर्मेशच्या शाळेतली नवी बाई. पंचवीस-सव्वीसची, स्कूटरवाली, हेल्मेटखालून वेणी. आपल्या धर्मेशसारखी डोकं सावकाश चालणारी मुलं शाळा संपली की घरी बसतात, ती बसू द्यायची नाहीत, हे तिचं काम. शाळा संपायच्या दोन वर्षं आधीपासून मागे लागायचं, काम शोधायचं, प्रवास शिकवायचा, स्वतःचा चहा स्वतः, स्वतःची दाढी स्वतः. तिच्या फायलीवर या सगळ्याला एक लांबलचक नाव आहे. मी त्याला दुसऱ्याचं पोर पळवणं म्हणते.

तू मामा आहेस, तू बघितलंयस. एकोणीस वर्षं या मुलाचं तोंड मी होते. कोणी नाव विचारलं तर मी सांगायचे, वय विचारलं तर मी सांगायचे, डॉक्टरांनी पोट कुठे दुखतं विचारलं तरी माझ्याच पोटावर बोट ठेवून दाखवायचे. तर ही बाई घरी आली, फाईल उघडली आणि त्याला विचारलं, ‘‘धर्मेश, शाळेनंतर तुला काय करायचंय?’’ मी सांगितलं, तो माझ्याजवळ राहणार आहे. तर मला म्हणते, ‘‘काकी, त्याला बोलू द्या ना.’’ माझ्या घरात, माझ्या खुर्चीवर बसून, माझा चहा पिऊन! मग आम्ही गप्प बसलो. इतका वेळ बसलो की बाहेर मांजराने दोन बोंबील नेले ते मला दिसत होतं आणि उठता येत नव्हतं. शेवटी धर्मेश म्हणाला, ‘‘बसने जायचं. कामाला.’’ आणि तिने ते लगेच लिहून घेतलं. मी आयुष्यभर इतकं बोलले, माझं कोणी एक अक्षर लिहून घेतलं नाही.

आधी मसोलीला एका झेरॉक्सच्या दुकानात महिनाभर बसवून बघितलं. काम चोख. पण एकाचे कागद चार वेळा मोजून, कडा जुळवून झाल्याशिवाय तो ते देईना, मग रांग रस्त्यावर गेली आणि दुकानवाल्याने हात जोडले. मला (तुझ्यापाशी खोटं कशाला बोलू) बरं वाटलं. म्हटलं, झालं, आता येतो घरी. तर ही त्याला तलासरीला घेऊन गेली. तिथे चिकूच्या चकत्या वाळवून पाकिटं भरतात. (वाळवायचंच होतं तर आपले बोंबील काय वाईट होते?) तिथे म्हणे हीच चार वेळा मोजायची सवय फार कामाची ठरली. सगळ्यांच्या पाकिटात थोडं कमी-जास्त, धर्मेशच्या पाकिटात कधीच नाही. तिथल्या साहेबांनी टाळ्या वाजवल्या. ती सवय त्याला कोणी लावली? मी लावली. कपड्याच्या घड्या चारदा मोजून घ्यायचे मी! टाळ्या वाजताना माझं नाव कोणी काढलं नाही.

घरात तर मला पाहुणी करून टाकलंय. माझ्या स्वयंपाकघरात तिने चित्रं चिकटवली आहेत. गॅसपाशी गॅसचं, मोरीपाशी हातांचं. ती त्याच्यासाठी आहेत, पण तो ती मला लावतो. परवा मी सुक्या कोलीमाची, त्या बारक्या कोळंबीची, चटणी वाटत होते, तर मागे उभा. ‘‘आई, हात धुतले?’’ मी जन्मापासून या हातांनी भरवलं त्याला! बुटाची नाडी मी दहा वर्षं शिकवली, जमली नाही. तिने तीन आठवड्यांत शिकवली. दादा, मी जळते. साधीसुधी नाही, आतून जळते. मुलगा शिकतोय याचा आनंद आहे असं मी सगळ्यांना सांगते आणि रात्री त्या नाडीची गाठ सोडून बघते, निदान कच्ची तरी असेल. नसते.

आता मुख्य गोष्ट. गेल्या बुधवारी त्याने पहिल्यांदा एकट्याने तलासरीला जायचं ठरलं होतं. आधी ती त्याच्या शेजारी बसून गेली, मग मागच्या सीटवर बसून, मग स्कूटरवरून बसच्या मागे. बुधवारी ती स्टँडवर नुसती उभी राहणार आणि मी घरात बसणार, असा कार्यक्रम होता. मी हो म्हटलं. आणि हिरूच्या सुनेचा पंजाबी ड्रेस घातला, ओढणी तोंडावरून घेतली, तिचाच काळा चष्मा लावला आणि गेले स्टँडवर. ओढणीतून मला अर्धंच दिसत होतं, पण आपल्या मुलाची पाठ ओळखायला डोळे लागत नाहीत, असं मला तेव्हा वाटत होतं.

रुपल चहाच्या टपरीपाशी हेल्मेट घालूनच चहा पीत होती. ती दिसली म्हणून मी पेपरवाल्याच्या मागे लपले. बाहेर येते तो धर्मेशचा निळा चौकडीचा शर्ट बसमध्ये चढतोय. मीही चढले. पाटी वाचली नाही. डहाणूच्या स्टँडवर मला पाटी वाचायची काय गरज? कंडक्टरला हळूच म्हटलं, त्या निळ्या शर्टाने जिथलं घेतलं तिथलंच माझं अर्धं. त्याने माझ्याकडे जरा विचित्र बघितलं, पण दिलं.

मग मी मागे बसून तासभर त्या पाठीकडे बघत जळत होते. कानात वायरी घालून मान हलवत होता (माझ्या फोनवर गाणी! मला कधी लावून दिली नाहीत). एका म्हाताऱ्याला उठून जागा दिली. माझा ऊर भरून आला आणि लगेच वाटलं, हेही तिनेच शिकवलं असणार. मध्येच त्याने नाक मुरडून खिडकी उघडली. सुकटीच्या वासात वाढला आणि आता वास येतो! तेही तिच्याच खात्यावर टाकलं. हायवे दिसायच्या ऐवजी डोंगर दिसायला लागले तेव्हा वाटलं, रस्ता नवा काढला असेल.

बस थांबली, तो उतरला, मी मागोमाग. उतरताना त्याचा पाय जरा लचकला आणि माझ्याने राहवलं नाही. धावत जाऊन त्याचा कान धरला आणि म्हटलं, बघून उतरता येत नाही? तो वळला. दादा, त्याला मिशी होती.

ते तलासरी नव्हतं, सायवन होतं. तो मिथुन, थांब्यावर त्याला घ्यायला आलेल्या लाडकीचा मुलगा, कुठल्याशा कॉलेजात शिकतो, सुट्टीला घरी आला होता. म्हणजे ज्या चांगल्या वळणाबद्दल मी तासभर रुपलवर जळत होते ते या लाडकीने लावलेलं होतं! (तेव्हा मी घाईघाईने तिच्यावर जळून घेतलं.) बाई मात्र फार चांगली. मुलाचा कान लाल, समोर काळा चष्मा लावलेली परकी बाई, तरी आधी पाणी दिलं. ‘‘कां जायाचं होतं, बाय?’’ म्हणाली. तलासरीला, असं मी सांगितलं, तर तोंडाला पदर लावून हसली. मग तिच्या फोनवरून मी मला पाठ असलेला एकच नंबर लावला, माझा.

‘‘हॅलो. धर्मेश बोलतो. कोण?’’ मी म्हटलं, आई. तर म्हणतो, ‘‘आई घरी आहे.’’ आणि फोन ठेवला. अनोळखी माणसाशी जास्त बोलायचं नाही, हे चित्रही भिंतीवर आहे. दुसऱ्यांदा लावला आणि सांगितलं, अरे मी सायवनला आहे, चुकीच्या बसने आले. मग म्हणाला, ‘‘हरवली?’’ मी हो म्हटलं. आणि मग त्याने मला त्याच्या खिशातला कागद वाचून दाखवला, एकेक शब्द. घाबरायचं नाही. आहे तिथे उभं राहायचं. जवळ काय दिसतं ते सांगायचं. मी सांगितलं, कोंबड्या दिसतात. ‘‘पाटी वाच. डहाणू लिहिलं असेल तर बस. मी सुटलो की स्टँडवर येतो.’’ आणि फोन ठेवला. आवाजात काही म्हणजे काही नाही. आई हरवली, आणि हा पाटी वाच म्हणतो! नोकरीला लागलेलं पोर असं होतं, हे मला कोणी आधी सांगितलं नव्हतं.

लाडकीने जेवू घातल्याशिवाय सोडलं नाही. संध्याकाळी मी डहाणूला उतरले तेव्हा तो तलासरीहून एकटा येऊन उभा होता. लांब टपरीपाशी रुपल होती. तिने माझा ड्रेस बघितला, चष्मा बघितला, आणि चहाचे पैसे द्यायला वळली. हसली असती तर मी तिला माफ केलं असतं. धर्मेशने माझं मनगट धरलं, दोन्हीकडे बघितलं आणि मला रस्ता ओलांडून दिला. मला तिथेच रडू आलं. राग आला म्हणून आलं की कशाने, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

तर आता तूच सांग काय करायचं. कारखान्याच्या कायम नोकरीच्या कागदावर पालकाची सही लागते. येत्या बुधवारपर्यंत कागद गेला नाही तर त्याची जागा दुसऱ्याला. तो कागद आठ दिवस मी मिठाच्या बरणीखाली ठेवला होता, म्हणून जरा दमट आहे. धर्मेश तुझं ऐकतो. नोकरी नको म्हणून तू त्याला दोन शब्द समजावून सांगशील, यासाठी हे सगळं लिहिलं. वहिनींना नमस्कार, पोरांना पापे.

तुझी धाकटी,
वेणू

ता. क. समजावू नकोस. कागद सोबत ठेवला आहे. धर्मेशने स्वतःचं नाव लिहिलंय, त्याच्याखाली मी सही केली आहे. साक्षीदाराची जागा रिकामी आहे, तिथे तू कर. तेलकट हात पुसून कर.

ता. क. दुसरा. खरं काम हे आहे. कारखान्याच्या फाटकासमोर वडाच्या सावलीत एका टोपलीपुरती जागा कोणाची आहे ते विचारून ठेव. तलासरीत सुकी मासळी चांगली खपते असं ऐकते. मी त्याच्याकडे बघणार नाही, गिऱ्हाइकाकडे बघेन. हे त्याला कळता कामा नये.

ता. क. तिसरा. आज सोमवार. पत्र दोन दिवस इथेच अडकलं. न वाचलेला कागद हातात घ्यायचा नाही, असं रुपल मॅडम म्हणाल्या, म्हणून त्याने आधी हे सगळं वाचलं. ओळीखाली बोट ठेवून, शनिवार-रविवार, वडाच्या सावलीसकट. आता त्याला खाली लिहायचंय आणि मी बघायचं नाही. मी भिंतीकडे तोंड करून बसले आहे.

मामा मी धर्मेश. सही कर. जागा बघू नको. आई डहाणूला बरी. आई आली तर मी मोजताना चुकेन. आई हरवली तेव्हा मी फोन ठेवला आणि रडलो. खूप. मग तोंड धुतलं. मग पाकिटं भरली. बरोबर भरली. हे आईला सांगू नको. पाकीट मी चिकटवतो.