हॅचेट खोऱ्याचा परवाना

गनिसन, कोलोराडो
९ मार्च

प्रिय रॉइस,

इकडे सगळे खुशाल. कुंपण अजून बर्फाखाली आहे आणि तुझी वहिनी ट्वायला सकाळपासून माझ्यावर ओरडते आहे, म्हणजे तिचीही तब्येत उत्तम.

ऑक्टोबरात शिकारीला जाऊ या, आपण दोघंच. हॅचेट खोऱ्यात सांबरासारखे थोराड एल्कही आहेत आणि म्यूल हरणंही, आणि परवाना सहज मिळतो. चढ असा, की बकरीसुद्धा दोनदा विचार करेल. पहाटे एल्कसाठी कडा चढायचा, दुपारी दुर्बीण लावून उतारावर हरणं शोधायची. शेजारचा लूथर मांस उतरवायला दोन खेचरं देतोय. त्यातलं एक लाथा झाडतं, ते तुझं.

मागच्या एल्कबद्दल मी तळावर अवाक्षर काढणार नाही. (तो माझ्याच गोळीने पडला. हे मी लिहितोय, बोलत नाही.) एका एल्कवरून आपण इतकी वर्षं अबोला धरला हे ऐकून लूथर म्हणाला, "अरे, त्या बिचाऱ्याला कळलं असतं, तर तो उठून आपल्या पायांनी निघून गेला असता!"

आता एक गोष्ट. तुला सांगायची नव्हती, पण ट्वायला फोन करून सांगणारच. परवा तिने माझा हॅचेटच्या परवान्याचा अर्ज पाहिला आणि किंचाळलीच.

"ऑरिन, डोकं फिरलंय का तुझं? सेबल पठारावरच्या हरणाच्या परवान्यासाठी वर्षाला एक असे जन्मभर गुण साठवलेस, यंदा नंबर लागणारच होता! रॉइसकडे एकही गुण नाही. एकत्र अर्ज केला की सोडत कमी गुणवाल्याच्या हिशेबाने, आणि परवाना मिळाला की तुझे सगळे गुण पाण्यात!"

तिचं खरं आहे. पण सेबल पठारावर एकट्याने भलंमोठं हरीण पाडलं, तरी ते दाखवू कोणाला? लूथरला? तो मेला खेचरांचंच कौतुक करतो. गुडघे कुरकुरायला लागलेत, रॉइस. चढायची थोडीच वर्षं उरलीत आणि ती मला तुझ्याबरोबर हवी आहेत. तुझी फार आठवण येते रे.

माझा अर्ज काल गेला. आपल्या गटाचा क्रमांक पाकिटावर मागे लिहिलाय. एप्रिलच्या मुदतीआधी तोच घालून तू तुझा अर्ज भर. नाही भरलास, तर मी माझा बदलेन आणि माझे सगळे गुण वाचतील.

कृपा कर, ते वाचवू नकोस.

तुझाच थोरला,
ऑरिन