लावण्याच्या तोंडावरचं बोट

प्रिय बाई,

तुम्हाला जाऊन सव्वा महिना झाला. तुमच्या शोकसभेत मी जे भाषण ठोकलं, ते मला मागे घ्यायचंय. त्यासाठी कुठे अर्ज करायचा हे ठाऊक नाही, म्हणून थेट तुम्हालाच लिहितेय.

काय म्हणाले होते मी? "बाईंच्या वर्गात टाचणी पडली तरी ऐकू यायची. आज मी त्यांच्याच शाळेत, त्यांच्याच खोलीत गणित शिकवते आणि तीच शांतता राखते." टाळ्या पडल्या हो! सुलतान बाजारातले तुमचे सगळे जुने विद्यार्थी, आता केस पिकलेले, माना डोलावत होते. शोकसभेत टाळ्या वाजवू नयेत हेसुद्धा कुणाला सुचलं नाही. मी आपली फुशारून खाली बसले.

पुढच्याच आठवड्यात, गुरुवारी, जे घडलं त्यानं मी अजून हादरलेली आहे.

शाळा आता तुमच्या वेळची राहिलेली नाही, हे तुम्हाला माहीत होतंच. पाटी मराठी, माध्यम इंग्रजी. माझ्या सहावीच्या वर्गात चाळीस पोरं, त्यातली घरी मराठी बोलणारी जेमतेम सात-आठ. बाकीची तेलुगू, उर्दू. पण तुमचा एक हुकूम अजून मराठीतच चालतो. "हाताची घडी, तोंडावर बोट!" अर्थ न कळताही सगळी पाळतात. आपल्या भाषेतलं त्यांना येणारं एवढं एकच वाक्य. मला याचं कौतुक वाटायचं, बाई! केवढं कौतुक!

त्या दिवशी मी फळ्यावर लांबलचक गणित लिहीत होते. मागे खिडकीचं ते जुनं लाकडी दार वाऱ्यानं धाडकन आपटलं आणि पोरांत एकदम कालवा झाला. मी वळलेसुद्धा नाही. तुम्ही तरी कधी वळायचात? पाठमोरीच ओरडले, "हाताची घडी, तोंडावर बोट!" वर्ग चिडीचूप. खडूच्या करकरीशिवाय आवाज नाही. मला बरं वाटलं.

सात-आठ मिनिटं गेली असतील. गणित संपवून वळले. चाळीस तोंडांवर चाळीस बोटं. आणि खिडकीजवळच्या बाकावर लावण्याचे ओठ, हनुवटी, पांढऱ्या शर्टाची कॉलर, सगळं लालभडक.

आणि मी तिला काय विचारलं असेल? सांगायला लाज वाटते. मी डोळे वटारून विचारलं, "काय खातेयस गं?"

तिनं नुसती मान हलवली. बोट काढलं नाही. खिडकीच्या दारात चेंगरलेलं बोटच तिनं तोंडावर धरलं होतं, बाई! उजव्याच हाताचं बोट हवं, हा माझा नियम. शेजारणीनं पाहिलं होतं, मागच्या बाकानं पाहिलं होतं. चाळीस लेकरांत एकाच्या तोंडून शब्द फुटला नाही. असं कसं होऊ शकतं? मी दिवसातून दहादा स्वतःला विचारते, असं कसं होऊ शकतं?

माझी किंकाळी ऐकून आमच्या आया, जुबेदाबी, धावत आल्या. त्यांनी स्वतःच्या ओढणीत तिचा हात गुंडाळला. "या अल्लाह! इत्ता खून! कायकू नै बोली बेटा?"

लावण्या हुंदका गिळत म्हणाली, "मॅडम बोले ना... तोंडावर बोट."

घरी तेलुगू बोलणारी पोर. जुबेदाबींना तिनं उत्तर दिलं ते इथल्या दखनी उर्दूत, आणि त्यात हे दोन शब्द मात्र स्वच्छ मराठी. जुबेदाबींनी माझ्याकडे पाहिलं.

रिक्षात घालून डॉक्टरकडे नेलं. दोन टाके पडले, नख गेलं. तिची आई धापा टाकत आली तेव्हा मी शिव्या खायच्या तयारीनंच उभी होते. तिनं एक थोबाडीत दिली असती तरी मी मुकाट घेतली असती. तिनं काय केलं माहितेय? मला हात जोडले आणि घाबरून विचारलं, "अल्लरी चेसिंदा, मॅडम?" हिनं मस्ती केली का, मॅडम?

घरी आले आणि सगळा राग तुमच्यावर काढला. भिंतीवर तुमच्यासोबतचा आमच्या सातवीचा फोटो आहे, तो उतरवून कपाटात उलटा ठेवला. कारण एकाएकी मला माझी पाचवी आठवली. तुम्हाला आठवते? मला फळा दिसायचा नाही. पांढऱ्या रेघा सगळ्या एकमेकींत कालवलेल्या. उठून सांगायची सोय नव्हती, कारण विचारल्याशिवाय बोलायचं नाही, आणि तुम्ही कधी विचारलंच नाहीत. वर्षभर मी शेजारणीच्या वहीतून उतरवलं. ती चुकली की मीही चुकले. प्रगतिपुस्तकात तुम्ही लिहिलंत, "सुनंदा अतिशय शांत मुलगी आहे." शांत कसली डोंबलाची! आंधळी होते मी! सुईत दोरा ओवता येईना तेव्हा कुठे आईच्या लक्षात आलं आणि चष्मा लागला.

हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. तुमच्या धाकाची गंमत म्हणून मनात ठेवून दिलं होतं.

तुम्ही वाईट नव्हता हो. मधल्या सुट्टीत डब्यातली ज्वारीची भाकरी तोडून अपूर्णांक शिकवलेत आणि ते तुकडे आम्हालाच खायला घातलेत. आई तापानं पडली होती तेव्हा आठवडाभर माझी वेणी तुम्ही घातलीत. मग तेच हात फळ्यापाशी गेले की आम्हाला भीती का वाटायची? एवढी माया होती तर तिला वर्गाबाहेर का उभं केलंत?

आणि आता सगळ्यांत बोचणारी गोष्ट. दिवाळीच्या सुट्टीत मी तुम्हाला भेटायला आले होते, ती शेवटची भेट. तुम्ही अंथरुणाला खिळलेल्या. आवाज खोल गेलेला. माझा हात धरून विचारलंत, "वर्गात पोरं तुला काही सांगतात का गं?" मी ऐटीत म्हणाले, "तोंड उघडायची बिशाद नाही कुणाची!" तुम्ही छताकडे पाहिलंत. मग म्हणालात, "मला चाळीस वर्षांत कुणी काही सांगितलं नाही."

मी हसले, बाई! "तुमचा दराराच तसा होता," म्हणाले. आणि तुमचं ते चाळीस वर्षांचं वाक्य शोकसभेत रंगवून सांगितलं, त्यावर सगळ्यांत मोठा हशा मिळवला. तुम्ही मरणाच्या दारात उभं राहून मला सावध करत होता आणि मी त्याचा विनोद केला. लावण्याच्या बोटाचा दोष मी तुमच्यावर ढकलत होते, पण तुम्ही तर आधीच सांगून गेला होता. ऐकू मला आलं नाही.

फोटो मी पुन्हा भिंतीवर लावला. रागासकट लावला.

सोमवारी वर्गात गेले आणि पोरांना म्हटलं, ते जुनं वाक्य आजपासून बंद. मराठीतलं दुसरं शिका. फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, "बाई, मला सांगायचंय." सगळ्यांनी घोकलं, खोखो हसले. पण वापरलं कुणी नाही. मंगळवारी नाही, बुधवारी नाही. मी विचारायची, "कुणाला काही सांगायचंय?" एकोणचाळीस जोडी डोळे खाली. मी दार उघडं ठेवलंय याच्यावर त्यांचा विश्वासच नव्हता. का असावा?

काल लावण्या शाळेत आली. बोटाला हे एवढं बँडेज. तास अर्धा झाल्यावर तेच बोट हळूच वर गेलं.

"बाई, मला सांगायचंय."

"सांग बेटा."

"वो दिन का सम राँग था, टीचर. सेवन एट्स आर फिफ्टी सिक्स. आप फिफ्टी फोर लिखे थे."

मी वही उघडून पाहिली. माझ्या टाचणातही चोपन्नच होते. साताठी चोपन्न! मी वर्गाकडे पाहिलं. "आणखी कुणाला कळलं होतं हे?"

लावण्या खाली बसता बसता म्हणाली, "सबको मालूम था, टीचर."

बाई, मी तुम्हाला वचन देते. यापुढे मागे काहीही आपटलं, तर मी खडू टाकून आधी वळेन. आणि पोरांनी मला जे जे सांगितलं, ते ते तुम्हालाही सांगत जाईन. तुम्हाला कुणी काहीच सांगितलं नाही ना? सुरुवात मीच करते. बाई, पाचवीत मला फळा दिसत नव्हता.

तुमची,
पहिल्या बाकावर बसायला हवी होती ती
सुनंदा