नागलीच्या जुड्यांची तुळई

बाबा, तुझ्याच करवतीनं मी ती तुळई कापली, हे आधी सांगून टाकतो. समोरासमोरच्या दोन भिंतींना जोडणारी, घराच्या मधोमध आडवी, आणि इतकी खाली की तुझ्यासारखा बुटका सोडला तर सगळ्यांचं डोकं आपटायचं. उंचीत तुला मागे टाकलं त्या वर्षी मी कपाळाला टेंगूळ घेऊन कुरकुरत आलो, तेव्हा रंधा न थांबवता तू म्हणालास, "वाकून जा रं. ती हाय म्हणून भिंती उभ्या हायत." मला ते कळलं नाही. छपराचा एकही वासा तिच्यावर टेकलेला नव्हता. आई तिला बियाण्याच्या नागलीच्या जुड्या टांगायची, तेवढंच. तलासरीच्या आपल्या पाड्यावर घरोघरी तसंच. मला वाटलं, ती जुड्या टांगायलाच आहे.

तू गेल्यावर बियाणं दुकानातून यायला लागलं आणि तुळई रिकामी झाली. डहाणूला नोकरी लागल्यावर मी आईसाठी उंच, उभा पंखा आणला, तर मधोमध ठेवताना त्याचं डोकं तुळईला अडतं. करवत घेऊन चढलो. आई खालून म्हणाली, "त्यानं घातलीय, कायतरी असंल." मी हसलो आणि भिंतीलगत दोन्हीकडून कापली. छपराचं ओझं भिंतींना बाहेर रेटत असतं आणि ती त्यांना आत धरून होती, हे मला घर पडल्यावर कळलं.

तू गेल्यानंतर इथली जमीन हादरायला लागली. भांडी वाजली की सगळा पाडा अंगणात. अशाच एका सकाळी, फार मोठ्या नसलेल्या धक्क्यानं, मागची भिंत बाहेर कलंडली आणि छप्पर खाली बसलं. आई अंगणात तांदूळ पाखडत होती म्हणून वाचली. तू बांधलेली बाकीची घरं उभीच आहेत. शेजारचे काका चहा घेता घेता म्हणाले, "तुज्या बापानं गावची घरं नीट केली, नि सोताच्याच घराचं काम कच्चं." आई माझ्याकडे बघत राहिली. मी चहा पीत राहिलो. तुझ्या कामाशिवाय तुझं दुसरं काय मागे राहिलं होतं? मला फार लाज वाटते, बाबा.

हे आईला वाचून दाखवीन म्हणून लिहायला घेतलं होतं. आता तेही होणार नाही. आज नवा सुतार आला. मी त्याला म्हटलं, मधे तुळई घाल, खालीच घाल, डोकं आपटलं तरी चालेल. त्यानं मान डोलावली आणि ढिगाऱ्याकडे बघत विचारलं, "पयल्या घराला नव्हती काय?"

आई ओट्यावरच बसली होती. मी म्हणालो, "नव्हती."