खोली क्रमांक तीनची भिंत आणि शुक्रवारची वाइन

प्रति,
मा. संचालक,
कलादालने व संग्रहालये,
मुख्य कार्यालय.

विषय : अर्जदारास वाइन चाखण्याच्या कामातून मुक्त करून खोली क्र. ३ च्या खुर्चीवर परत बसू देणेबाबत, तसेच भिंतीबाबत.

संदर्भ : अर्जदाराचे यापूर्वीचे चार अर्ज (उत्तर अप्राप्त).

महोदय,

१. अर्जदार गेली बावीस वर्षे कलादालनात परिचर असून खोली क्र. ३ च्या दाराशी बसतो. समोरच्या भिंतीवर खिडकीत बसलेल्या बाईचे तैलचित्र आहे. अर्जदाराने यापूर्वी दारूला कधीही हात लावलेला नव्हता, हे प्रथम नमूद करणे आवश्यक आहे.

२. मार्चपासून दालनात दर शुक्रवारी संध्याकाळी वाइन चाखण्याचा कार्यक्रम होतो. पहिल्याच दिवशी वाइनचे जाणकार आले नाहीत आणि पाहुणे पेले हातात धरून ताटकळले. त्याच सुमारास चित्रामागून वास आल्याने अर्जदार अधीक्षकांच्या कानाशी लागून म्हणाला, "साहेब, ओल्या भिंतीचा वास येतोय. थोडा कुजक्या पुठ्ठ्यासारखा." शेजारच्या बाईंनी आपला पेला हुंगला व त्या म्हणाल्या, "अगदी बरोबर. मला शब्दच सापडत नव्हता." पाच मिनिटांत अर्जदाराभोवती कोंडाळे जमले.

३. पुढच्याच आठवड्यात कार्यालयीन आदेशान्वये अर्जदारास 'आस्वाद साहाय्यक' नेमण्यात आले. त्याने पेला हुंगावा, घोटभर प्यावे व बोलावे, असे कामाचे स्वरूप आहे. अर्जदार दर वेळी भिंतीबद्दलच बोलतो. "वरच्या मजल्यावरचा पाइप गळतोय," असे त्याने स्पष्ट सांगितले, तेव्हा पाहुण्यांनी माना डोलावल्या. "पोपडे सुटलेत" हे त्याचे वाक्य निमंत्रणपत्रिकेवर छापून आले. एका शुक्रवारी तो मुद्दाम गप्प राहिला, तर एक गृहस्थ म्हणाले, "खरंय, या वाइनबद्दल बोलण्यासारखं काही नाहीच." त्याच्या गप्प राहण्यालाही दाद मिळाली. अर्जदाराने तोंड उघडले काय आणि मिटले काय, सुटका नाही.

घरी पत्नी दार उघडताच आधी त्याच्या तोंडाचा वास घेते. "ड्यूटी होती" हे कारण तिला पटले नाही. मुलीने नातीला आजोबांकडे पाठवणे बंद केले आहे.

४. गेल्या शुक्रवारी पाहुणे येण्यापूर्वी अर्जदाराने अधीक्षकांचा हात धरून चित्रामागच्या भिंतीवर ठेवला. हात ओला झाला. त्यांनी तो रुमालाला पुसला. मग हळूच म्हणाले, "मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. भिंत फोडायची तर दालन चार महिने बंद. आणि एकदा बंद झालं की ते पुन्हा उघडत नाही, हे मी दोन ठिकाणी पाहिलंय. तुम्ही बोलत राहा." अधीक्षक वाईट माणूस नाहीत. तेही अडकलेच आहेत. परंतु त्या संध्याकाळी अर्जदाराने पेला न पिताच खाली ठेवला.

५. रविवारी अर्जदाराने पत्नीस दालनात नेले. बावीस वर्षांत ती तेथे प्रथमच आली. तिने चित्र पाहिले, मागे हात घातला, बोटे हुंगली आणि विचारले, "तुम्ही दर शुक्रवारी हेच सांगत होतात?" अर्जदाराने हो म्हटले. चौकटीचा खालचा कोपरा बोटाने दाबताच आत गेला, बाईच्या पदरावर बुरशी चढली होती. पत्नी म्हणाली, "मग उतरवा." दारावरच्या सहकाऱ्याने "कुठे चाललात?" असे विचारले, त्यावर तिनेच सांगितले, "मोठ्या साहेबांकडे, मुख्य कार्यालयात."

६. सबब, विनापरवानगी चित्र हलवल्याबद्दल जी शिक्षा असेल ती अर्जदारास मान्य आहे. पत्नीने केवळ दुसरी बाजू धरली होती, तिला यात गोवू नये. हा अर्ज शिपायाहाती आत पाठवला असून दोघे आपल्या कार्यालयाबाहेरच्या बाकावर बसले आहेत. आपण फक्त दार उघडून पाहावे. चित्र आत नेताना भिंतीला टेकवू नये, कॅनव्हास अजून ओला आहे, ही कळकळीची विनंती.

आपल्या दाराशी बसलेला,
(सही)
परिचर, खोली क्र. ३

सोमवार, सकाळी साडेदहा

सोबत : १. आदेशाची प्रत
२. निमंत्रणपत्रिका
३. चित्र (चादरीत)