चष्मा काढून काढलेले फोटो

४ फेब्रुवारी, मंगळवार
नवरीच्या फोटोत कोपऱ्यात पुन्हा बादली! तिचे वडील म्हणाले, फोटो छान आलेत, बादलीसुद्धा छान आलीय. सव्वीस वर्षं हा धंदा करतोय मी. चष्म्यामुळे डोळा कॅमेऱ्याच्या बघायच्या खिडकीला टेकत नाही, फोटोच्या कडा दिसतच नाहीत. बायकोला हे नीट समजावून सांगितलं. ती म्हणाली, मग बादल्या उचलायला माणूस ठेव.

५ फेब्रुवारी
खिडकीशेजारी एक बारीक चाक असतं, डोळ्याचा नंबर जुळवायला. सव्वीस वर्षांत आज पहिल्यांदा फिरवलं. वजा तीनला संपतं. मी वजा साडेपाच. इतका आंधळा फोटोग्राफर कंपनीने धरलेलाच नाही!

८ फेब्रुवारी
कॅमेरे दुरुस्त करणाऱ्याकडे गेलो. त्याने खिडकीवर बसवायची भिंगं काढली. नंबराच्या चिठ्ठीवर जाऊ नका म्हणाला. चष्मा काढा, यातून समोरच्या दुकानाची पाटी वाचा, सोपं जाईल ते भिंग आपलं. चौथ्या भिंगाला अक्षरं लख्ख. चारही कोपरे दिसले! त्याचे अगदी मनापासून आभार मानले. तो केव्हाच आत गेला होता. मी खुंटीवरच्या कोटाशी बोलत होतो.

१३ फेब्रुवारी
आता चष्मा खिशात. खिडकीत जग स्वच्छ, बाहेर नुसता धुरळा. नवरदेव समजून आचाऱ्याला तीनदा हनुवटी वर करायला लावली. त्यानेही केली बिचाऱ्याने.

१५ फेब्रुवारी
कारखान्याच्या साहेबांचा निवृत्ती समारंभ. ग्रुप फोटोच्या वेळी कुणीतरी दाराशी घुटमळत होतं. मी नेहमीचा आवाज लावला, “या की इकडे. लांब कशाला? घरचेच ना आपण?”

तो माणूस आला, पहिल्या रांगेत बसला. खिडकीला डोळा लावला आणि बोट थांबलं.

दादा. माझा सख्खा भाऊ. पूर्वी याच कारखान्यात होता, माझ्या लक्षात यायला हवं होतं. आई गेली तेव्हा मी त्याला नको ते बोललो. त्या गोष्टीला अकरा वर्षं झाली. तेव्हापासून एकमेकांच्या दारात पाऊल नाही.

केस पार पांढरे झालेत. माझ्याकडे बघून हसत होता.

फोटो काढला. एकच. मग चष्मा न लावताच सामान आवरून पळालो. शूर माणूस!

१७ फेब्रुवारी
दादा घरी आला. म्हणाला, “सगळ्यांसमोर घरचा म्हणालास. माझ्याच्याने नसतं झालं रे.”

चष्म्याचं काही बोललो नाही. बोलणारही नाही.