कडी मी लावली

४ सप्टेंबर
आले एकदाची! बॅगा अजून बांधलेल्याच आहेत, पण रोज चार ओळी लिहीन असं आईला कबूल केलंय, म्हणून आधी हे.

शाळेच्या वसतिगृहाचं हे घर: डाव्या अंगाला चौदा मुली, उजव्या अंगाला सोळा मुलगे, मध्ये भोजनघर आणि अभ्यासिका, आणि या तीस वानरांवर देखरेख करायला मी. माझी खोली जिन्याच्या तोंडाशीच. कोण वर गेलं, कोण खाली आलं, सगळं कळतं. किल्ल्यांचा जुडगा हातात देताना मुख्याध्यापक म्हणाले, या घराचा गोंगाट शाळाभर प्रसिद्ध आहे, तेवढा बंद करा. करते की! पाच वर्षं वर्गात घसा फोडलाय तो काय उगीच?

७ सप्टेंबर
नावांआधी टोपणनावंच पाठ झाली. दहा वर्षांचा भुंगा सगळ्यांचा लाडका. जेवताना, बूट घालताना, अगदी दात घासतानाही त्याचं गुणगुणणं चालूच. त्याची ताई नववीत, मुलींच्या बाजूला. न्याहारीआधी ती जिन्यात बसून त्याचा भांग पाडते. डोक्यावर उजवीकडे भोवरा आहे, तिथले केस काही केल्या बसत नाहीत. ती पाणी लावून थापटते, तो गुणगुणतो. त्याला सांभाळीन असा तिने आईला शब्द दिलाय म्हणे.

तळमजल्यावरची चादरींची खोली आज लावून काढली. खिडकी नाही, तिन्ही भिंतींना कप्पे, डांबरगोळ्यांचा वास. दाराला कडी फक्त बाहेरून.

१२ सप्टेंबर
लिहू की नको असं दोनदा झालं.

सकाळी मुख्याध्यापकांनी सगळ्या शिक्षकांसमोर गोंगाटावरून मला झापलं. कान तापले होते. त्यात संध्याकाळी अभ्यासिकेत भुंग्याने माझ्या हजेरी घेण्याची नक्कल केली, हुबेहूब, नाकातून. सगळे खो खो हसले. मी त्याचा कान धरला, चादरींच्या खोलीत नेलं आणि कडी लावली. अर्धा तास, म्हटलं.

तेवढ्यात मुख्याध्यापकांच्या पत्नीने चहाला बोलावलं. आज घर कसं शांत आहे, म्हणाल्या. मी फुशारले. दुसरा कपही घेतला.

दोन तास चाळीस मिनिटं. मी त्याला विसरले. मुद्दाम नाही, पण विसरले.

कडी काढली तेव्हा तो दाराशीच उभा होता. डोळ्यांत पाणी नाही, शर्ट नीट खोचलेला. मी गयावया केल्यासारखं म्हटलं, कोणाला सांगू नकोस हं. तो हसला. नाही सांगणार, म्हणाला.

माझा जीव भांड्यात पडला. याचीच लाज वाटतेय. आधी स्वतःचाच विचार केला.

१५ सप्टेंबर
भुंगा शहाण्यासारखा वागतोय. दुधावरची साय बघून ओकारी काढणारा पोरगा आता ग्लास चाटूनपुसून ठेवतो. गुणगुणणं पार बंद. मुख्याध्यापकांनी माझी पाठ थोपटली.

१८ सप्टेंबर
आज ताई भांग पाडता पाडता थांबली. कंगवा तसाच हातात. मग माझ्याकडे आली आणि दबक्या आवाजात म्हणाली की भोवरा डावीकडे आहे. मी म्हटलं, तुझाच काहीतरी घोटाळा झाला असेल. ती म्हणाली, सहा वर्षं मी त्याचे केस विंचरतेय, बाई.

मग तिने सरळच विचारलं, त्या संध्याकाळी तो कुठे होता. अभ्यासिकेत, म्हटलं मी. डोळ्याला डोळा देऊन.

२१ सप्टेंबर
धुणं करणारी मावशी चादरींच्या खोलीत जायला तयार नाही. आत भुंगा शिरलाय म्हणते, सारखा आवाज येतो. मी उडवून लावलं.

दुपारी, सगळे शाळेत असताना, दाराला कान लावला. गुणगुणणं. तेच, बूट घालतानाचं. कडी काढली, दार उघडलं. चादरी. अभ्रे. कोणी नाही. दार लोटलं की पुन्हा सुरू.

तशीच शाळेत गेले, वर्गाच्या खिडकीतून पाहिलं. भुंगा तिसऱ्या बाकावर बसून शुद्धलेखन लिहीत होता. उजव्या हाताने. तो डावखुरा होता.

२४ सप्टेंबर
ताईला आवाज सापडला. दाराला चिकटून बसली होती, त्याला हाका मारत होती. हा शेजारी उभा राहून बघत होता. ती किंचाळली, हा माझा भाऊ नाही, माझा भाऊ आत आहे. सगळं घर गोळा झालं.

तेव्हाच सांगायला हवं होतं. तोंडही उघडलं होतं. मुख्याध्यापक माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, मुलीला भास होताहेत. घरी पाठवावं असा कागद त्यांनी लिहिला. खाली सही माझी.

२५ सप्टेंबर
वडील येऊन तिला घेऊन गेले. जाताना ती माझ्याकडे नुसती बघत होती. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

तो फाटकाशी उभा राहून हात हलवत होता. मग माझ्याजवळ आला आणि अगदी मायेने म्हणाला, बाई, तुम्ही सांगणार नाही ना? मी पण नाही सांगणार.

२८ सप्टेंबर
जेवण जात नाही. गुणगुणणं बारीक झालंय. मध्येच तुटतं — मूल झोपेने पेंगतं तसं — किंवा —

तो आता माझ्या मागे मागे असतो. हसतो. काहीच करत नाही. करायची गरजच नाही, त्याला माहीत आहे मी —

३० सप्टेंबर
आज आवाज नाही. सकाळपासून तीनदा गेले. नाही.
चौथ्यांदा — एक सूर. अर्धाच.

१ ऑक्टोबर, दुपार
मुख्याध्यापकांच्या टेबलावर चिठ्ठी ठेवली. ताईलाही तेच लिहिलं. कडी मी लावली होती. तू खरं बोलत होतीस.

आता आत आहे. दार उघडं असताना काही नाही, म्हणून आतून लोटून घेतलं. नुसतं लोटलंय. बॅटरी आहे, वही आहे. हात थांबला तर भीती वाटते, म्हणून लिहितेय —

कप्पे संपत नाहीत. चार पावलांची खोली — मी वीस तरी —

दिसला. खालच्या कप्प्यात, चादरींच्या मागे. केवढासा झालाय. भोवरा उजवीकडे.

हात पुढे केला. तो मागे सरकला. मला घाबरून. इथल्या अंधाराला नाही, कशालाच नाही — मला. कान झाकून घेतला त्याने —

खाली बसले. चुकले मी, म्हटलं. खूप वेळ. मग बोट धरलं त्याने. बर्फासारखं. म्हटलं, चल बाळा, ताई वाट बघतेय, दार नुसतं लोटलंय, कडी नाही —

तो माझ्या खांद्यावरून मागे बघतोय. म्हणतो, बाई, पण दार कुठे